टिकणारी बाई

साधनाचं काम ऐकायला सोपं होतं. ज्या बायांना निराधारचा पगार मिळतो त्यांना केंद्रात आणायचं, पॅकिंग नाहीतर शिलाई शिकवायची आणि कुठल्यातरी कंपनीत चिकटवून द्यायचं. सरकार त्याचे पैसे केंद्राला द्यायचं, पण एका बोलीवर: बाई तीन महिने कामावर टिकली पाहिजे. बाई टिकली तर हप्ता सुटणार, हप्ता सुटला तर केंद्र चालणार आणि केंद्र चाललं तरच साधनाच्या घरात चूल पेटणार. बायका टिकत का नाहीत, हे विचारायला मात्र त्या अख्ख्या योजनेत एकही माणूस ठेवला नव्हता!

साधना स्वतः त्यातलीच. नवरा सोडून गेला तेव्हा याच केंद्रात शिलाई शिकायला आली आणि बोलायला बरी म्हणून केंद्र चालवणाऱ्या शेखर सरांनी तिला तिथंच ठेवून घेतलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लोकांच्या दारात जाऊन जाऊन चपला झिजल्या, घसा कायमचा बसला. "टिकाल ना मावशी? तीन महिने तरी टिका हो," असं आई झोपेतसुद्धा बडबडते, म्हणून बारावीतली लेक सायली तिला चिडवायची. साधना हसायची. हसायचंही जिवावर यायचं.

या खेपेला नांदूर नाक्याच्या पाच जणी मिळाल्या होत्या. द्राक्षाच्या बागांत एकाच टोळीनं मजुरीला जाणाऱ्या, एकमेकींवाचून पान न हलणाऱ्या. शेखर सर म्हणाले, "पाच बायका, पाच कंपन्या. वर दाखवायला बरं दिसतं." साधनानं मान डोलावली आणि तिथंच माती खाल्ली.

एकेक करून बायका गळायला लागल्या. उरली एकटी कुसाबाई, अंबडच्या एका कंपनीत खोकी भरायला. डिसेंबरात तीही जायची बंद झाली. शेखर सरांनी कपाळाला हात लावला. "ही गेली तर केंद्राला कुलूप लागेल, साधनाताई. जा, पाया पडा, काय वाट्टेल ते करा, पण तिला परत आणा."

साधना शोधत शोधत चांदोरीच्या पुढं एका बागेत पोचली. कुसाबाई टोळीतल्या बायांबरोबर द्राक्षाचे घड विरळत होती.

"मावशी, अहो पंख्याखालची नोकरी सोडून इथं काय करताय?"

"काम वंगाळ नव्हतं, मॅडम." कुसाबाईचे हात थांबले नाहीत. "पन जेवायच्या सुट्टीत समद्या पोरी मोबाइलात. मी भाकरीचं फडकं सोडायची आन् एकटीच बसायची. घास उतरत नाय. ताप आला तर खाडा मांडला. हितं मला ताप आला तर माझी ओळ झुंबरबाई वढती."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही कुठं इचारलं? तुमचं आपलं एकच, टिकाल ना, टिकाल ना."

साधनाचा तोल गेला. "तुमचं बरं आहे हो! तुम्ही नोकरी सोडली तरी तुम्हाला बाग आहे. तुमच्यापायी माझी नोकरी जाणार, मी कुणाच्या दारात जाऊ?" बोलली आणि तिचं तिलाच रडू फुटलं. इतकी वर्षं बायांची समजूत काढणारी बाई बांधावर बसून हमसून हमसून रडली.

टोळीची मुकादम झुंबरबाई हिनं जेवायची हाक दिली. बाया गोल बसल्या, फडकी सुटली, हिची भाकर तिच्याकडं, तिचा ठेचा हिच्याकडं. साधना नको नको म्हणत होती, पण तिचं ऐकतो कोण? अर्धी भाकर हातावर आली. दुपारचा डबा आपण कायम बसस्टॉपवर उभ्यानंच खातो, हे तिला तेव्हा आठवलं. कुसाबाईला परत चला म्हणायचं तिच्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

जानेवारीत हप्ता नाकारला गेला आणि केंद्र बंद झालं. "काही निघालं तर फोन करतो," शेखर सर म्हणाले. हेच वाक्य साधनानं स्वतः कितीतरी बायांना ऐकवलं होतं, त्यामुळं फोनची वाट तिनं पाहिलीच नाही. अंबडच्या कंपन्या झाल्या, सातपूरच्या झाल्या. सगळीकडं वय विचारायचे आणि मान हलवायचे.

बागांत तोडणी सुरू झाली तशी एका संध्याकाळी कुसाबाई दारात येऊन उभी राहिली. "टोळीत एक बाई कमी हाय. उद्या नाक्यावर ये." मॅडम नाही, अहोजाहो नाही. साधनाला ते बरं वाटलं.

सकाळी नाक्यावर कडाक्याची थंडी होती. डोक्याला स्कार्फ बांधून साधना पिकअपजवळ उभी राहिली. आत बसलेल्या झुंबरबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"टिकशील का गं, बाई? हंगाम सरंस्तवर तरी?"

साधनानं पिकअपच्या कडेला हात घातला.

कुसाबाईनं वरून हात दिला आणि तिला पिकअपमध्ये ओढून घेतलं. "तिला काय इचारती, झुंबर? जेवायला मी बसन तिच्याशेजारी."