अंगणवाडीतला लाकडी फोन

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. कोळणीने सुरमईचा कल्ला उघडून दाखवला, तरी मी स्वतः बोट लावल्याशिवाय घेत नाही. त्यामुळे अंगणवाडीच्या ताई "आम्ही खेळातूनच शिकवतो" म्हणाल्या, तेव्हाच मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मुलगी तेव्हा चार वर्षांची. नवरा मुंबईला कंपनीत. गणपती आणि मे महिना सोडला तर फोनवरच. मी मिरजोळ्याला एमआयडीसीत पॅकिंगला जाते. घरी आल्यावर आधी तिचं दप्तर तपासायचे. वहीत एक अक्षर नाही आणि नखांत ही माती. काय शिकवलं विचारलं की म्हणायची, "खेळलो." सासूबाई म्हणायच्या, "खेळू दे गो, वय काय तिचं?" ताईंचं आणि सासूबाईंचं काही साटंलोटं आहे की काय, असंही मला वाटून गेलं.

त्यात पोरीने नवीनच सुरू केलं. संध्याकाळी सातला नवऱ्याचा व्हिडिओ कॉल येतो. फोन लागला की पोराने आधी बापाला काहीतरी म्हणून दाखवायचं, एबीसीडी नाहीतर वारांची नावं, ही आमच्या वाडीतली रीतच. ज्या ज्या घरचा माणूस मुंबईला, त्या त्या घरात हेच. तिकडे राबणाऱ्याला तेवढंच समाधान. आमची मात्र सात वाजायच्या आत झोपायला लागली. झोप कसली, सोंग. पापण्या थरथरताना दिसायच्या. एकदा नवरा म्हणाला, "मला विसरली काय गं ती?" त्याचा आवाज असा काही झाला की मला रडू आवरेना. पोर बापापासून तुटत होती, आणि हे त्या अंगणवाडीचंच काम, अशी माझी खात्री झाली. पोरांना खेळायला सोडून ताई मोबाइल बघत असणार, दुसरं काय.

एक दिवस हाफ डे टाकला आणि कुणाला न सांगता गेले. पुढच्या दाराने नाही. मागच्या बाजूला चिऱ्यांची बुटकी भिंत, गडगा आहे, त्याच्या आडून खिडकीत डोकावले. ताई खाली बसून एका रडणाऱ्या पोराचं नाक पुसत होत्या. खोटं कशाला बोलू, माझी निराशाच झाली.

आमची कोपऱ्यात भातुकली मांडून बसलेली. मांडीवर कापडी बाहुली आणि हातात लाकडी ठोकळा, तोच फोन. ती आई झाली होती. हेलसुद्धा हुबेहूब माझा.

"पप्पांचा फोन आलाय. म्हण एबीसीडी."

बाहुली काय बोलणार?

"म्हण लवकर, पप्पांना वेळ नाय." थोडं थांबून तिने ठोकळा कानाला लावला. "हिला काय येत नाय हो. तुम्ही नका बोलू हिच्याशी." मग बाहुलीला आडवं केलं आणि हळूहळू थोपटत म्हणाली, "झोप तू. डोळे मिटून घे."

"नका बोलू हिच्याशी" हे मी म्हणाले होते. एकदाच, कामावरून वैतागून आल्यावर. तिला एकदा पुरलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की तिथून हलताही येईना.

तेवढ्यात ताईंनी मला पाहिलं. खिडकीशी येऊन म्हणाल्या, "रोज हाच खेळ खेळते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." तो टोमणा होता की साधं बोलणं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्या संध्याकाळी सातला फोन वाजला. पोर डोळे घट्ट मिटून माझ्या शेजारी. मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आजपासून म्हणून दाखवणं बंद. ती जागी आहे, ऐकतेय. तुम्हीच बोला तिच्याशी."

पलीकडे त्याने आधी पंखा बंद केला. मग तो म्हणाला, "काय बोलू गं? एबीसीडीशिवाय आम्ही दुसरं बोललोय काय कधी?"