अर्ध्या यकृताचा हेवा

थोरल्या जाऊबाईंची मुलगी आणि माझा मुलगा एकाच महिन्यात जन्मली. दोघंही पिवळी पडली. पालीजवळच्या आमच्या घरी सासूबाईंनी दोघांच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. कावीळ उतरते तशी माळ वाढत खाली सरकते, असं आमच्याकडे मानतात.

दोन्ही माळा सरकल्या. जाऊबाईंची मुलगी निवळली. माझ्या मुलाचे डोळे पिवळेच राहिले, आणि शी चुन्यासारखी पांढरी.

"गो बाय, माळ पोटापर्यंत आली की! गेली कावीळ," सासूबाई म्हणाल्या.

"डोळे बघा ना, आई."

"डोळं मागाहून निवळतात."

"बी.एस्सी. झाली ना ती, तिला सगळ्यात रोगच दिसतो," जाऊबाई हसल्या आणि लेकीला मांडीवर नाचवू लागल्या. त्या मुलीच्या हातापायांच्या वळ्या मला बघवत नव्हत्या.

मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मूल चार महिन्यांचं होतं. पित्ताची नळी जन्मापासून बंद. तिच्यावरच्या ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. उरला उपाय यकृत बदलण्याचा, आणि तो तेव्हा आपल्या देशात होत नव्हता. माझ्या माहेरी कॉलेज शिकलेली मीच पहिली. डॉक्टरांनी मला समोर बसवून, चित्र काढून सगळं समजावलं. ते उपकार मी विसरलेले नाही. एवढ्या बाळाच्या मापाचं यकृत परदेशातही क्वचित मिळतं. म्हणून तिथे नुकतंच मृत दात्याचं एक यकृत कापून मोठा भाग मोठ्या माणसाला आणि लहान तुकडा मुलाला देऊ लागले होते.

"अर्धं अख्ख्यासारखं चालतं?"

"अजून तितकं नाही. कापल्या कडेतून पित्त गळतं, रक्तवाहिनीत गुठळी होते. अख्खं मिळालेले जास्त तगतात."

"आणि काहीच न मिळालेले?"

त्यांनी चित्राच्या कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

जाणत्या हातांत अर्धंही जवळजवळ अख्ख्याइतकंच टिकू लागल्याचं मी खूप पुढे वाचलं. परतताना एसटीत मात्र अख्खं मिळालेल्यांचा हेवा करण्याइतकीही माझी झेप नव्हती. हेवा वाटला तो अर्धं मिळालेल्या मुलांच्या आयांचा. ज्यांची मुलं त्यानंतरही गेली, त्यांचासुद्धा. त्यांना ऑपरेशनच्या दाराबाहेर बसून वाट तरी बघता आली.

मुलगा वर्षाचा व्हायच्या आत गेला. पुढे जाऊबाईंच्या मुलीचा पहिला वाढदिवस आला. त्यांनी कुणाला बोलावलं नाही; मागच्या पडवीत तिला गुपचूप ओवाळलं. स्वयंपाकघरातून मला निरांजनाचा उजेड दिसला. मी दार लोटून घेतलं.