मामाच्या नावाची ओळ

लहानपणी ताप आला आणि माझ्या दोन्ही मुठी वळल्या, त्या परत उघडल्याच नाहीत. पायांचीही तीच गत. आखाडा बाळापुरात लोक मला एरवी ‘बिचारी’ म्हणतात आणि घरात लग्न निघालं की ‘ताई’ म्हणतात. कारण मी लग्नपत्रिकांचा मजकूर लावते. वारंगा फाट्यावरच्या छापखान्यातून नावांची यादी फोनवर येते, मी ती जुळवते आणि परत धाडते.

आधी हे काम दोघींचं होतं. माऊस माझ्या मुठीखाली नुसता घसरायचा, कीबोर्डवर एकदम चार अक्षरं दाबली जायची. म्हणून टाईप वहिनी करायची. दुपारची भांडी झाली की पदर खोचून माझ्या बाजेला खुर्ची लावायची. शेवटी एक एक नाव मोठ्याने वाचायची आणि मी ते यादीशी ताडून पाहायची. आमच्याकडे पत्रिकेत नाव राहिलं तर पाहुणा मांडवात पाय ठेवत नाही, त्यामुळे ह्या वाचण्यात सूट नव्हती. वाचता वाचता तिच्या शेऱ्यांना ऊत यायचा. “ह्या काकाला वरच्या ओळीत घ्या ताई, न्हाई तर पंगतीत भांडून राहील.” हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

मग भावाने हिंगोलीहून टचस्क्रीनचा लॅपटॉप आणला. मूठ उघडत नसली तरी करंगळीचं एक पेर बाहेर राहतं, ते काचेवर टेकवलं की अक्षर उमटायचं. फक्त तळहाताची कड टेकली तरी काच तिलाही बोट समजायची आणि भलतंच काही व्हायचं. वहिनीनेच तोड काढली. शाळेचा जुना मोजा कापून माझ्या मुठीवर चढवला, पेरापुरतं भोक ठेवलं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी पत्रिका एकटीने लावली. घरात पेढे वाटले. मी रडले, वहिनीही रडली.

त्यानंतर खुर्ची पुन्हा स्वयंपाकघरात गेली. वहिनीने शिलाई मशीन घेतली, दुपारी गावातल्या बायका तिच्याकडे ब्लाऊज टाकायला येऊ लागल्या. तिचं काही चुकत नव्हतं. तिने वर्षानुवर्षं माझे हात व्हावेत असा काही करार नव्हता. पण आतून मशीनचा आवाज आणि बायकांचं हसणं यायचं, आणि इकडे मी लोकांच्या काका-मामांची नावं मनातल्या मनात वाचत बसायची. मला एकटं वाटायचं. जे देवाकडे मागितलं तेच मिळालेल्या माणसाने हे कोणाला सांगायचं?

पुतणीचं लग्न ठरलं, तेव्हा वाटलं, ही पत्रिका तरी आम्ही दोघी मिळून लावू. वहिनीने यादी बाजेवर ठेवली आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

उकडत होतं म्हणून मी मोजा काढून ठेवला होता. सगळी नावं लावून झाली आणि तळहाताची कड काचेवर टेकली. एक ओळ गेली. कनेरगाव नाक्याच्या मामाची, म्हणजे वहिनीच्या सख्ख्या भावाची. मुलीला बोहल्यावर आणतो तो मामा. मागे फिरायच्या बाणावर एकदा पेर टेकवलं असतं तर ओळ जागेवर आली असती. मी टेकवलं नाही. हाक मारली, “वहिनी, ये ना जरा, वाचून घेऊ.”

आतून आवाज आला, “तुमाला येतं की आता समदं! मी काहून पायजे? द्या धाडून.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धाडून द्या म्हणतेस ना, मग घे. त्या रिकाम्या जागेकडे पाहत मी पत्रिका वारंग्याला धाडली.

गठ्ठे आले. देवापुढे ठेवायची पहिली पत्रिका वहिनीने कुंकू लावायला उघडली आणि तिथेच खाली बसली. “ताई, माझ्या भावाचं नाव कुठं हाय?”

“राहिलं असंल,” मी म्हटलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा छापायला वेळ नव्हता. ती पेन घेऊन माझ्या बाजेशी येऊन बसली आणि प्रत्येक पत्रिकेवर हाताने नाव लिहायला लागली. मी मुठीने पत्रिका तिच्याकडे सरकवत होते. दोन दुपारी लागल्या. दुसऱ्या दुपारी ती पाहुण्यांच्या खोड्या काढायला लागली, पहिल्यासारखी. मला लाज वाटत होती, पण त्या दोन दुपारी मी सुखात होते, खोटं कशाला बोलू?

मामा लग्नाला आला. पुतणीला बोहल्यावर आणलं, अक्षता पडल्या आणि न जेवता गाडीत बसला. वहिनी मांडवाच्या कडेला हातात ताट घेऊन उभी राहिली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. मी ते सगळं पाहिलं.

आठवड्याने नवी यादी आली. पुतणी सासरी गेल्यापासून घर खायला उठलं होतं. दुपारी वहिनी खुर्ची घेऊन आली आणि माझ्या बाजेला लावून बसली.

“तुमाला बोल न्हाई लावत मी, ताई,” ती म्हणाली. “तुमी काय करणार? त्या काचेचाच भरोसा न्हाई. आता दर पत्रिका मी येऊन वाचत जाईन.”

काच नीट चालत होती. ओळ माझ्याच हाताने गेली होती आणि पत्रिका तशीच मीच धाडली होती. हे वहिनीला सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण मग ती खुर्ची उचलून गेली असती.

“व्हय,” मी म्हटलं, “काचेचा काई भरोसा न्हाई.”