गिरजामावशीच्या नावेतलं हळकुंड

हा मजकूर छापायला देताना हात अडखळतोय, कारण याच हातानं मी पत्रिका, मुहूर्त, देवऋषी आणि करणी यांच्याविरुद्ध लिहीत आलो आहे. असल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी वाढलोच असल्या गोष्टींविरुद्धच्या पत्रकांवर. निजामी अंमलात तसला छापील कागद जवळ सापडला तर घराची झडती व्हायची, म्हणून वऱ्हाडातून सरकीच्या पोत्यांत दडवून ती आमच्या हिंगोलीला यायची आणि मी ती कंदिलाखाली पाठ करायचो. पुढे स्वतः लिहू लागलो. माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, म्हणून धाकटी बहीण सुलू ती स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायची. एवढं सगळं सांगतोय ते अशासाठी की, पुढचं वाचून कुणी मला भोळा समजू नये.

चारएक वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. आमची कयाधू तेव्हा छान असते — गढूळपणा गेलेला, पाणी अजून भरलेलं, काठावर हळदीची शेतं रुंद पानांनी डवरलेली.

सुलूच्या लग्नाचं चाललं होतं. वडील आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळे घरातला कर्ता मीच. मुलगा माझाच मित्र, माधव. शाळेत मास्तर, आणि पत्रकं वाटण्यात माझा जोडीदार. अडचण होती त्याच्या वडिलांची. औंढ्याचे अण्णा. पत्रिका जुळत नाही म्हणून ते दोन महिने अडून बसले होते. मीही अडून बसलो होतो... पत्रिका हे थोतांड आहे हे त्यांनी कबूल केल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हतो. शेवटी त्यांनी निरोप धाडला की, एकदा येतो, मुलगी पुन्हा बघतो आणि संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगून परत जातो.

घरात समोरासमोर बसलो की आमचं भांडण होणार हे माधवला माहीत होतं. त्यानं युक्ती काढली — नदीवर सैर करायची. आमच्याकडे नाव असते ती पलीकडे जायला, बाजारच्या दिवशी. नदीच्या कडेकडेनं नुसतं हिंडायला कोण जातं? पण गिरजामावशीला विचारलं. ही गिरजा भोईण, नवरा गेल्यावर नाव स्वतःच चालवणारी, दंडानं आणि जिभेनं सारखीच भक्कम. तिनं तीनदा विचारलं, पलीकडं न्हाई जायचं? मग नाव घेऊन करायचं काय? मी म्हटलं, बघायचं. ती म्हणाली, बगा बाबा, तुमी शिकलेले लोक.

नावेत आम्ही सहा जण. मागे बांबू धरून गिरजामावशी. तिच्यापुढे आई, मांडीवर धपाट्यांचा डबा आणि दह्याचं गाडगं. मग सुलू, माधव, अण्णा. नावेच्या तोंडाशी, सगळ्यांकडे तोंड करून मी.

निघण्याआधी गिरजामावशी पुढे आली, कनवटीचं एक हळकुंड काढलं आणि पांढऱ्या दोऱ्यानं नावेच्या तोंडाला बांधलं. मग पाण्याकडे बघून काहीतरी बोलायला लागली. मी तिला थांबवलं. समोर अण्णा बसलेले, आणि अशी संधी सोडेन तो मी कसला? मी दोरा तटकन तोडला, हळकुंड काढलं, सगळ्यांसमोर त्याचं टोक दातांनी चावलं आणि पिवळे दात दाखवत म्हटलं की बघा, हा मसाल्याचा जिन्नस आहे, यानं नाव चालत नाही. उरलेलं हळकुंड दोऱ्यासकट कोटाच्या खिशात घातलं आणि बटण लावलं.

गिरजामावशीनं एवढंच विचारलं, "काहून सोडलंस रं बाबा?" आणि उत्तराची वाट न बघता बांबू पाण्यात टेकवला.

सैर मात्र काय झाली म्हणून सांगू... दुपार कलती होती. प्रवाहाबरोबर नाव खाली निघाली आणि ज्या गावात मी जन्मलो ते गाव मी पहिल्यांदा नदीच्या बाजूनं पाहिलं. जुन्या छावणीतले कौलारू बंगले पाण्यात उलटे दिसत होते. मशिदीचा मिनार झाडांमागून आमच्याबरोबर चालत असल्यासारखा वाटत होता. मेंढरं पाण्यावर आली होती आणि त्यांचा धनगर आमच्याकडे असा बघत होता, जणू आम्हीच तमाशा. धोब्यांनी कपडे आपटायचे थांबवून विचारलं, कुठं निघालात? माधव म्हणाला, कुठंच नाही. त्यावर काठावर जो हशा पिकला तो वळण येईपर्यंत ऐकू येत होता. आईनं धपाटे वाटले. अण्णांनी दोन खाल्ले, आणि तिसऱ्याला नको म्हणताना हात पुढेच होता.

धोबीघाटाच्या खाली डोह आहे. तिथे नाव थांबली.

हळू झाली, अडखळली असं नाही. थांबली. पाणी दोन्ही बाजूंनी वाहत होतं, त्यात झेंडूची फुलं वाहत पुढे जात होती, आणि नाव जागच्या जागी. गिरजामावशीनं बांबू घातला तर तो तिच्या मुठीपर्यंत खाली गेला, तळ लागेना. म्हणजे गाळात रुतली म्हणावं तर तेही नाही. वल्हं मारलं, तरी नाव तसूभर हलेना. माधवनं सदरा काढला आणि बुडी मारली. एका बाजूनं गेला, दुसऱ्या बाजूनं वर आला. धापा टाकत म्हणाला की खाली झाड नाही, दगड नाही, दोर नाही. त्याचा हात नावेच्या तळाखालून आरपार फिरला होता.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्या खिशावर होती. सुलूचं लग्न मी आत्ता, सगळ्यांदेखत, दातांनी चावून टाकलं होतं.

"तिला सांगून न्हाई निघालो आपुन," गिरजामावशी नदीकडे बघत म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना भीती. "पलीकडं जानाऱ्याला ती न्हाई इचारत. कुनी बाजारला, कुनी माहेरला, तिला ठावं असतंय. पन तुमी ह्याच काठावरून निगून ह्याच काठाला येऊन राहिलात. मंग ती इचारतीच, काहून आलात म्हनून. मी सांगत होते तर तू तोंड धरलंस माजं. आता ज्याचं त्यानं सांगा. अन् खरं सांगा."

मी भाषण सुरू केलं. भोवरे, खालचा प्रवाह, पाण्याचा दाब... आईनं मला मध्येच तोडलं. आईनं मला असं चारचौघांत कधी तोडलं नव्हतं. ती पाण्याकडे वळली आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलली.

"बावीस वर्षं तुझं पाणी डोक्यावरून वाहिलं. एकदा तू मला वाहून न्यावंस म्हणून आले. लग्नाचं निमित्त."

माधव हसला, ओला, थंडीनं कुडकुडत. तो म्हणाला की मी धपाट्यांसाठी आलो. गिरजामावशीनं डोळे वटारले, तेव्हा मान खाली घालून म्हणाला की सुलूकडे मनसोक्त बघायला मिळेल म्हणून आलो, आणि अजून धड बघितलं नाही. सुलूचे कान लाल झाले. पण ती लाजून गप्प बसली नाही.

"मी मास्तरांना हो म्हणायला आले," ती नदीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दादा, 'मुलीला विचारा' हे तुझं पत्रक मी चाळीस वेळा उतरवलंय. तू मला एकदा तरी विचारलंस?"

ते पत्रक मला तोंडपाठ होतं. मुलीच्या मनाविरुद्ध किंवा मन न जाणता लग्न ठरवणाऱ्यांना त्यात मी काय काय म्हटलं होतं, तेही.

मग अण्णा बोलले. हा माणूस दोन महिन्यांत माझ्याशी ओरडल्याशिवाय बोलला नव्हता, पण आता त्यांचा आवाज ऐकू यायला पुढे वाकावं लागत होतं. ते म्हणाले की मी नाही म्हणायला आलो होतो. माधवच्या आईची आणि माझी पत्रिका अशी जुळली होती की भटजींनी पेढे मागून घेतले होते. चौथ्या वर्षी ती गेली.

"पत्रिका काय कामाची ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं," ते मला म्हणाले. "पण ती बघितली की उद्या काही झालं तर दोष माझ्यावर येत नाही. एवढ्यासाठीच बघतो."

माधवनं ओला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. फुलं वाहत पुढे जात होती. नाव जागची हलली नव्हती.

"येक उरलं," गिरजामावशी म्हणाली. तिला स्वतःला कारण सांगायची गरज नव्हती, ती तर नदीला रोजचीच.

वाचकहो, मी विवेकवादी आहे. नदीशी बोलणं मला शक्य नव्हतं. मी अण्णांशी बोललो. म्हटलं, मी सुलूसाठी आलो नव्हतो. तुम्हाला हरताना बघायला आलो होतो. सुलूचं काय होईल याचा मी आज सकाळपासून एकदाही विचार केला नाही.

वाक्य पुरं झालं आणि नाव निघाली.

पुढे नव्हे... जागच्या जागी तोंड फिरवून उलट, प्रवाहाच्या विरुद्ध, वर. गिरजामावशीनं बांबू पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवा ठेवला होता. वल्हं आत पडलं होतं. वारा नव्हता, धोब्यांच्या भट्टीचा धूर सरळ वर चढताना मी मुद्दाम बघून ठेवला. बैलगाडीच्या सावकाश चालीनं नाव आम्हाला वर घेऊन गेली, आणि तिच्या तोंडाशी पाणी फाटत होतं ते मला पाठीमागे ऐकू येत होतं. धोब्यांनी हातातले कपडे सोडून दिले. आई लहान मुलीसारखी दोन्ही बाजूंना पाण्यात हात घालून बसली होती, पदर भिजला तरी. सुलू हसायला लागली, मग माधव, मग अण्णा. त्यांना हसताना खोकला आला आणि गिरजामावशी म्हणाली, हळू हसा पाव्हणं, नाव हलून राहिली. त्यावर तर कुणालाच आवरेना. मी सगळ्यांत शेवटी हसलो, पण सगळ्यांत जास्त वेळ.

घाटाला नाव आपसूक टेकली. उतरायला मी वळलो आणि तिथेच थिजलो.

नावेच्या तोंडाला हळकुंड बांधलेलं होतं. टोक चावलेलं, त्यावर माझ्या दातांची खूण, माझा पुढचा एक दात तिरका आहे, तोही त्यात उमटलेला. दोरा पांढरा, ओला, आणि कुठेही तुटलेला नाही, जोडल्याची गाठ नाही. मी खिशाला हात लावला. बटण लावलेलंच होतं. आत फक्त पिवळा डाग. सगळा वेळ नावेच्या तोंडाशी मी बसलो होतो, माझ्या पाठीमागे जायला कुणाला वाटच नव्हती.

गिरजामावशीनं ते सोडवून सुलूच्या ओंजळीत ठेवलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. आईकडून उरलेला धपाटा मात्र मागून घेतला.

त्या संध्याकाळी लग्न ठरलं. पंचांग काढू का, असं आमचे एक शेजारी विचारत आले, तर अण्णा म्हणाले, पोरीला विचारा तिला कुठला दिवस सोयीचा. सुलू म्हणाली, रविवार, मास्तरांची शाळा बुडायला नको. अण्णा पुन्हा खोकेपर्यंत हसले.

आता जे सांगणार आहे ते लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. हिंगोलीच्या कुठल्याही आडत्याला विचारा — हळकुंड म्हणजे शिजवलेली, वाळवलेली, घासून काढलेली हळद. ते उगवत नाही. भाजलेला शेंगदाणा उगवत नाही तसंच. सुलूनं ते औंढ्याला न्हाणीमागच्या ओल्या मातीत पुरलं, उगाच, खूण म्हणून. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तिनं मला निरोप धाडला. मी गेलो. तिथे हळदीचं रोप उभं होतं, गुडघ्याएवढं, माझ्या हातापेक्षा रुंद पानांचं.

मी म्हटलं, शेजारच्या शेतातला गड्डा मातीबरोबर आला असेल. आता उकरून बघतो, दातांची खूण निघाली तर मानीन. खुरपं घेऊन खाली बसलो. सुलू सहा महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन उभी होती.

"उकर की," ती म्हणाली. "पण आधी सांग, काहून आलास?"

खरं तर मी तिला आणि भाच्याला बघायला आलो होतो. रोप हे निमित्त होतं. तसं तिला सांगितलं. मग खुरपं बाजूला ठेवलं आणि लेकरू घेतलं.

रोप दर पावसाळ्यात वर येतं. त्याच्याखाली काय आहे ते मला ठाऊक नाही. डोहात नाव कशानं धरली, कशानं सोडली, प्रवाहाच्या उलट कशानं नेली आणि बंद खिशातून ते हळकुंड कसं गेलं, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. भोवऱ्यांवरची पुस्तकं मागवून वाचली, जाणकारांना पत्रं लिहिली, कुणीही समाधान होईल असं लिहिलं नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवावं, मी मनापासून वाचेन. मुहूर्त आणि पत्रिका यांच्याविरुद्ध मी अजूनही लिहितो, आणि तितक्याच जोरानं. फक्त आता पत्रक उतरवायला देण्याआधी एकदा स्वतःला विचारतो की हे मी काहून लिहून राहिलो. कधीकधी उत्तर ऐकून कागद फाडून टाकावा लागतो.