मानेवरचा डाग

मेंढी एका जागी गोल फिरू लागली की तिच्या डोक्यात किडा झाला, असे आम्ही मानत आलो. विळा चुलीत लाल करावा आणि मानेमागे टेकवावा. वाचली तर वाचली. तरुणपणी मी असे पुष्कळ डाग दिले. पुढे मेंढरे विकून मी येडगावात शेती धरली. थोरल्या भावाने कळप सोडला नाही.

नात चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तोंड वर करून ती अंगणात गोल फिरे. कोणी अडवले तर उंबऱ्यावर कपाळ आपटून घेई, रक्त येईपर्यंत. नवे शतक लागून तीन-चार वर्षे झाली असतील. मुलगा ट्रकवर असे, म्हणून सुनेने एकटीने तिला पुण्याला नेले. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. कागदावर मराठीत ‘स्वमग्नता’ असे लिहिले होते.

सून म्हणाली, “मामा, याला औषध न्हाई. शिकवावं लागतं, रोजच्या रोज. घरातली दोन माणसं लागतील.”

मी कागद घडी करून खुंटीवरच्या पिशवीत टाकला.

भाऊ आला, ओसरीवर बसला आणि नातीकडे पाहत राहिला. “मेंढरं इकली त्याबरोबर अक्कलबी इकली का रं? फिरती कशी ते बघ की. किडाच हाय.”

मला ते पटले. दुसरे कारण मी देत नाही.

सून लोणीला, माहेरी, मयतीला गेली. पोर माझ्यावर सोपवून गेली. त्याच दुपारी, लोकर कातरताना मेंढी धरतात तशी मी नात दोन्ही गुडघ्यांत आवळली आणि भावाने विळा टेकवला. वास आला, मेंढीच्या कातड्याचा येतो, तसाच. तिने माझ्या अंगठ्यात हाडापर्यंत दात रोवले. सोडताच ती पुन्हा फिरू लागली, आधीपेक्षा जोरात.

“अजून एक लागंल,” भाऊ म्हणाला.

संध्याकाळी सून परतली. तिने मुलीची मान पाहिली, चुलीपाशी पडलेला विळा उचलला आणि माझ्या मनगटावर आडवा धरला. “मामा, पुन्हा हिला धरलंत, तर हे इथनं उतरवीन.” धारेखाली रक्ताची रेघ उमटली. मी हात मागे घेतला नाही. त्या दिवसापासून विळा तिच्या कमरेला राहिला. न्हाणीत जातानाही ती मुलीला बरोबर नेई.

तरी शिकवायला लागणारे घरातले दुसरे माणूस मीच होतो. पुढच्या आठवड्यात एसटीने तिघे पुण्याला गेलो. सून माझ्या आणि मुलीच्या मध्ये बसली.

शिकवणाऱ्या बाईंनी डाग पाहिला. “हे कुणी केलं?”

“भावाने. धरली मी.”

त्यांनी माझी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाल्या, “आजोबा, इथून पुढे तिला धरायचं नाही. मारायचं नाही. हातभर लांब बसा. ती करील ते तुम्ही करा. ती फिरली, तर तुम्हीही फिरा. जवळ यायचं की नाही, ते ती ठरवील.”

मी रोज बसलो. तिने जेवणाची पितळी माझ्या कपाळावर मारली, दगड मारले, दंडाचा चावा घेतला. आमच्या घरात मोठ्यांवर हात उगारणाऱ्याची पाठ मी कधी शाबूत ठेवली नव्हती. ते दिवस मी दोन्ही हात मांडीखाली दाबून काढले. ती फिरली की उठून फिरलो. कुंपणापलीकडे माणसे जमत.

“म्हाताऱ्यालाबी किडा लागला, राव. आता याला कोण डागायचं?”

कुंपणाशी उभ्या भावाला ते लागले. तो ओसरी चढून थेट चुलीकडे गेला आणि त्याने आपला विळा जाळात सारला. “एक डाग कमी पडला म्हनून तू बी फिराया लागला. धर पोरीला.”

मी काठी उचलली आणि त्याच्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला, तेव्हा दुसरी खांद्यावर मारली. नात कान झाकून किंचाळत होती. भाऊ रांगत ओसरी उतरला. पुन्हा माझ्या दारात आला नाही. त्याच्या मातीला मी गेलो नाही.

त्यानंतर कित्येक दिवस नात माझ्याकडे पाठ करून बसे. मी हातभर लांब बसतच राहिलो.

उसाची तोड चालू होती तेव्हाची गोष्ट. सून चुलीपुढे होती. नात उठली, माझ्याजवळ आली आणि तिने माझे मनगट पकडले. तोंडाकडे पाहिले नाही. ओढत फळीपाशी नेले आणि माझा हात, चावलेल्या अंगठ्याचा तोच, गुळाच्या डब्यावर ठेवला. हे मागणे आहे, असे बाईंनी सांगून ठेवले होते. मी झाकण काढले. तिने खडा घेतला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसून खाल्ला.

सुनेने ते पाहिले. चुलीतली लाकडे मागे ओढली, कमरेचा विळा हातात घेतला आणि आम्हा दोघांना घरात ठेवून गुरांना घास कापायला गेली.