आईच्या खोलीतली जाळी

नव्या घरात एसीची हवा खोल्याखोल्यांत नेणारे डक्ट मी स्वतः आखले होते. हवा कुठे अडू नये म्हणून वळणंही कमी ठेवली होती. तरी आईची खोली गार होईना. शेवटी शिडीवर चढून तिच्या पलंगावरची जाळी उघडली, तर आत तिचं जुनं पातळ कोंबलेलं.

"आई, तू इथवर चढलीस कशी?"

"पलंगावर स्टूल ठेवून. गार वारा थेट गुडघ्यांवर येतो रे."

"मग सांगायचं ना!"

"तू येईल त्याला इतक्या कौतुकानं दाखवायचास..."

माझ्याच्यानं खाली बघवेना. घरभर हवा कशी खेळेल याचा मी विचार केला. ती जिच्या अंगावर येणार, तिला एका शब्दानं विचारलं नाही. आणि आई खाली शिडी घट्ट धरून उभी होती, मी पडू नये म्हणून.