थांबा म्हणायची भीती

"हा आजार आहे, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. मोठा धक्का बसतो. प्रसंग संपतो, पण तो संपला हे मेंदूला कळत नाही. शरीर पहारा देतच राहतं."

मी विचारलं, "म्हंजे येडा झाला काय?"

"नाही. तो घाबरलेला आहे, आणि घाबरलो म्हणायची त्याला सोय नाही."

माझा मुलगा गजानन शेजारीच बसला होता. त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो खोलीचं छत बघत होता.

मी चौथीपर्यंत शिकले. आमचं ढिवराचं घर, तळ्यावर मासे धरून जगलेलं. गजानन बल्लारपूरकडे जमिनीखालच्या कोळसा खाणीत लागला, तेव्हा मला बरंच वाटलं. पाण्यात माणूस बुडतो हे मला ठाऊक होतं. जमिनीखालचं काही ठाऊक नव्हतं.

त्याचं काम असं. सुरुंग उडाला की टोळीच्या आधी आत जायचं आणि लांब सळईने छत ठोकायचं. टणटणीत वाजलं तर छत घट्ट. धप्प वाजलं तर वर पोकळ झालं, कधीही खाली येईल. मग त्याने 'थांबा' म्हणायचं आणि सगळ्यांनी मागे सरायचं.

एकदा तो थांबा म्हणाला. टोळी बसून राहिली. छत काही पडलं नाही, काम मात्र मागे पडलं. टोळीवरचा सरदार सगळ्यांसमोर म्हणाला, "घरी मच्छरदाणीत झोपत जा बे तू." त्याच टोळीत आमच्या गावचा मधुकर आहे. लहानपणी दोघं एकाच तळ्यात डुंबलेले. त्याने गजाननचं नाव 'थांबासाहेब' पाडलं. डबा खाताना म्हणायचा, "थांबासाहेब, वरणात मीठ हाये का, ठोकून पाहा जरा." सगळे हसत. गजाननही हसत असे.

पुढे एक दिवस कोपऱ्यात धप्प वाजलं. गजानन बोलला नाही.

छत शंकर नावाच्या पोरावर आलं. गजानन ढिगाऱ्याच्या पलीकडे अडकला. दगड काढेपर्यंत अंधारात शंकरचं ओरडणं ऐकत बसला. शंकरचा पाय कापावा लागला. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा गजानन म्हणाला, "छत बरोबर वाजलं होतं."

हे सगळं मला फार उशिरा कळलं. घरी तो काहीच बोलला नाही.

आम्हाला दिसलं ते असं. त्याने बाज अंगणात नेली. दार लावलं की घाम फुटायचा. घरात आला की झाडूच्या दांड्याने छपराचं आढं ठोकून बघायचा, मग जेवायला बसायचा. सून म्हणाली, बाहेरची हवा लागली. आम्ही लिंबू उतरवले, धानोऱ्याकडच्या एका पुजाऱ्याकडेही नेलं. दवाखान्यात बीपी बघून झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, पण झोपेतही तो ओरडायचा.

छातीत दुखतं म्हणाला म्हणून ईसीजी काढला. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. तो चांगला होता. डोकं दुखतं म्हणाला म्हणून चंद्रपूरला एमआरआय सांगितला. त्यात माणसाला निजवून बोगद्यासारख्या यंत्रात सरकवतात. आत ठोकल्यासारखा आवाज येतो. गजानन ओरडत बाहेर आला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. मशीनवरचा माणूस हसला. "खाणीत जातो अन् याले भेतो?" मी म्हटलं, "तू जाऊन ये एकदा खाणीत, मग हास."

त्यानंतर आम्हाला मानसिक आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सून शाळेत पोषण आहार शिजवायला जाते, म्हणून बसने त्याच्यासोबत मीच जायचे. दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कोणी दिसलं की तो तोंडावर दुपट्टा घ्यायचा. बाईंनी गोळ्या दिल्या आणि दर वेळी त्याला बोलायला लावलं. याला काउन्सेलिंग म्हणतात. म्हणजे कोणी न हसता ऐकून घेणं. तिथे एक दिवस त्याच्या तोंडून ते धप्प बाहेर पडलं.

बाईंनी खाणीला चिठ्ठी देऊन त्याला जमिनीवरचं काम द्यायला सांगितलं. काही महिने तो टोपीचे दिवे वाटायच्या खिडकीत बसला. मग माणसं कमी आहेत म्हणून पुन्हा खाली जायचा हुकूम आला. मी बाईंना म्हटलं, "याले गोळी देता, त्या सरदाराले कोण देईन?" त्यांच्या हातात ते नव्हतं.

खाली जायच्या आदल्या दिवशी मधुकर घरी आला. टिंगलच करायला आला असं वाटून मी पाणीही विचारलं नाही. तो गजाननच्या बाजेच्या कडेला बसला.

"काकू, मलेही झोप नाई येत."

"काऊन? तुयं काय पडलं?"

"त्या दिवशी धप्प वाजलं ते मी आयकलं. सगळ्यांनीच आयकलं."

गजानन उठून बसला. "मंग बोलला काऊन नाई?"

"तुलेच थांबासाहेब म्हणून राह्यलो होतो. कोणत्या तोंडानं बोलू?"

मी उठून पाणी आणलं. मधुकर म्हणाला, "डॉक्टरकडे मलेही ने. पण कोणाले सांगू नको." मी म्हटलं, "हेच लपवत आले तुम्ही सारे." तरीही आता मधुकर आमच्यासोबत येतो, तेव्हा बसमध्ये पुढच्या थांब्यावरून चढतो.

तुमच्या घरातला माणूस असं काम करत असेल आणि घरातही छत ठोकत असेल, तर लिंबू उतरवण्यात दिवस घालवू नका. दवाखान्यात न्या. पण दवाखाना एकटा पुरत नाही, हेही ऐकून ठेवा. गजानन अजून अंगणातच झोपतो. सरदारही तोच आहे.

खाली गेल्यावर काही दिवसांनी तो घरी आला आणि हातपाय धुता धुता म्हणाला, "माय, आज थांबा म्हटलं."

मी हातातली परात खाली ठेवली. "मंग?"

"सरदारानं शिव्या घातल्या. मधुकर पयले मागं सरला. मंग बाकीचे सरले."

"छत पडलं?"

"नाई पडलं."

"हासले?"

"नाई," तो म्हणाला. "जेवाले वाढ."